साताऱ्याच्या मॅडमनी लावलेला व्हायरस

सांगलीच्या त्या कॉलेजात मी हंगामी शिक्षिका म्हणून लागले, तेव्हा कॉम्प्युटर विभागात चपला बाहेर काढून आत जावं लागायचं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. धूळ आत गेली की मशीन बिघडतं असं सगळे मानत, आणि व्हायरस म्हणजेही धुळीचाच एखादा प्रकार असावा अशी बऱ्याच जणांची समजूत होती. दारातला शिपाई प्रत्येकाच्या हातातली फ्लॉपी बघून विचारायचा, "भायेरची हाय का आतली?" बाहेरची असली तर ती खिडकीत ठेवून घ्यायचा.

मी विश्रामबागेत एका बाईंकडे खोली घेऊन राहायचे. वडील साताऱ्याच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते, त्यामुळे दर रविवारी घरी जाण्याची सोय होती. माझ्याबरोबरच आणखी एक सर लागले. ते आष्ट्याहून रोज ये-जा करत, म्हणून सगळे त्यांना आष्ट्याचे सर म्हणायला लागले आणि मला साताऱ्याच्या मॅडम. दोघंही हंगामी. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी निरोप मिळायचा आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखत. विभागात एक कायम जागा भरायची होती आणि ती आमच्या दोघांपैकीच एकाला मिळणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्याविषयी आम्ही कधी बोललो नाही. डबे मात्र एकत्र उघडायचो. त्यांच्या आईची शेंगदाण्याची चटणी मला आवडते म्हणून ते ती जास्तीची आणायचे. हे मुद्दाम सांगते. तो माणूस वाईट होता असं म्हणून मोकळं होता आलं असतं तर बरं झालं असतं.

त्या वर्षी अभ्यासक्रमात युनिक्स आलं आणि कॉलेजात युनिक्सचं एकही मशीन नव्हतं. आम्ही फळ्यावर कमांड लिहायचो, मुलं त्या उतरवून घ्यायची आणि पाठ करायची. फळ्यावर पोहायला शिकवल्यासारखं ते होतं. मग एक दिवस आष्ट्याचे सर एका मासिकाबरोबर आलेली सीडी घेऊन आले. लिनक्सची. युनिक्ससारखंच चालणारं आणि फुकट. अडचण एवढीच की ते बसेल इतकी मोठी हार्ड डिस्क एकाच मशीनला होती, विभागाच्या ऑफिसातल्या. त्यावर विंडोज होतं आणि विंडोजमध्ये मुलांचे अंतर्गत गुण, प्रश्नपत्रिका, विभागाची सगळी पत्रं.

आम्ही दोघं विभागप्रमुखांकडे गेलो. त्यांना सगळे एचओडी सर म्हणत.

"करा की," ते म्हणाले. "फक्त माझं विंडोज हलता कामा नये."

"सर, लेखी परवानगी मिळाली तर बरं होईल," मी म्हटलं.

ते हसले. "घरच्या कामाला लेखी कशाला, मॅडम?"

एका शनिवारी दुपारी, तास संपल्यावर, आम्ही ते काम केलं. मी माहितीपत्रक मोठ्यानं वाचत होते, सर टाईप करत होते. डिस्कचे दोन भाग केले. एका भागात विंडोज जसंच्या तसं, दुसऱ्यात लिनक्स. डिस्कच्या अगदी सुरुवातीच्या जागेत एक छोटासा प्रोग्राम असतो, मशीन चालू झालं की आधी तो चालतो. तिथं आम्ही लिनक्सबरोबर आलेला प्रोग्राम बसवला. मशीन सुरू केलं की तो विचारायचा, कोणती सिस्टीम हवी? नुसतं एंटर दाबलं की विंडोज, नाव टाईप केलं की लिनक्स. ती शेवटची कमांड सरांनी दिली. एंटर दाबण्याआधी माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, हे चाललं तर लय भारी हाय बघा."

चाललं. त्यानंतरचे काही महिने माझ्या नोकरीतले सगळ्यात चांगले. मुलं रांगा लावून त्या एका मशीनवर बसायची. पाठ केलेली कमांड पडद्यावर खरोखर काहीतरी करते, हे बघून एक मुलगी टाळ्या वाजवायला लागली होती. विद्यापीठाची कमिटी आली तेव्हा एचओडी सरांनी त्यांना थेट त्या मशीनपुढे नेलं आणि सांगितलं, "युनिक्सची सोय आम्ही स्वतः केली आहे." आम्ही दोघं मागं उभे होतो. कमिटीतल्या एकानं विचारलं, हे कुणी बसवलं? एचओडी सर म्हणाले, "आमच्या विभागानं."

दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेजनं नवीन अँटीव्हायरस घेतला. तो बसवायला डीलरचा इंजिनिअर आला तेव्हा मी वर्गात होते आणि आष्ट्याचे सर ऑफिसात, त्याच खोलीत, पेपर तपासत बसले होते. पुढचं मला शिपायाकडून कळलं. अँटीव्हायरसनं डिस्क तपासायला घेतली आणि पडद्यावर लाल चौकट आली. डिस्कच्या सुरुवातीच्या जागेत अनोळखी प्रोग्राम सापडला, व्हायरस असण्याची शक्यता. अनोळखी तो असणारच, आम्हीच बसवलेला होता. इंजिनिअरनं एचओडी सरांना विचारलं, "सर, व्हायरस आहे. काढू का?"

"विचारता काय? काढा," ते म्हणाले. आष्ट्याच्या सरांनी पेपरांतून मान वर केली नाही.

त्या इंजिनिअरनं मशीन नवीन आलं तेव्हाच अडीअडचणीसाठी म्हणून एक फ्लॉपी करून ठेवली होती. तिच्यात डिस्कचा नकाशा होता, पण तो आम्ही दोन भाग करण्याआधीचा. तो जुना नकाशा त्यानं वाटून झालेल्या डिस्कवर चढवला. मशीन पुन्हा सुरू केलं तर लिनक्स गायब झालंच, पण विंडोजलाही आपली हद्द कुठं संपते ते कळेना. ते आपणहून डिस्क दुरुस्त करायला लागलं आणि दुरुस्त करता करता फायली एकमेकींत मिसळत गेलं. मी वर्गातून आले तेव्हा पडद्यावर फायलींची नावं म्हणून चौकोन आणि बदाम दिसत होते.

"बंद करा!" मी ओरडले. "आधी बंद करा ते!"

उशीर झाला होता. अंतर्गत गुण गेले, प्रश्नपत्रिका गेल्या. दुसरी प्रत कुणीही ठेवलेली नव्हती.

मी तिथंच सगळ्यांना समजावून सांगितलं. तो व्हायरस नव्हता. अँटीव्हायरसला फक्त विंडोजची ओळख होती, म्हणून दुसरी सिस्टीम त्याला रोग वाटली. नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी काही झालं नसतं. इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, सॉफ्टवेअरनं व्हायरस दाखवला म्हणजे व्हायरसच." मी आष्ट्याच्या सरांकडे बघितलं. ते पेपरांचा गठ्ठा बांधत होते.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. प्राचार्य, एचओडी सर आणि आम्ही दोघं. प्राचार्य इतिहासाचे. त्यांना एवढंच हवं होतं की कुणीतरी एक नाव सांगावं.

"हे दुसरं सॉफ्टवेअर कुणी टाकलं?"

"आम्ही दोघांनी, सर," मी म्हटलं. "एचओडी सरांची परवानगी घेऊन."

एचओडी सर म्हणाले, "मी प्रयोग म्हणून बघा म्हटलं होतं. ऑफिसच्या मशीनवर टाका असं म्हटल्याचं मला आठवत नाही."

ज्या मशीनपुढं उभं राहून त्यांनी कमिटीला ते दाखवलं होतं, त्याच मशीनविषयी ते बोलत होते. मग प्राचार्यांनी आष्ट्याच्या सरांना विचारलं, "तुम्ही होता का?"

सरांनी घसा साफ केला. "मी शेजारी बसलो होतो, सर. मॅडम करत होत्या."

एवढंच. दोन वाक्यं. त्यातलं एकही धड खोटं म्हणता येऊ नये, अशा बेतानं बोललेली.

बाहेर आल्यावर मी एचओडी सरांना व्हरांड्यात गाठलं. म्हटलं, "सर, व्हायरस नव्हता हे तुम्हाला कळतंय. तुम्ही स्वतः हा विषय शिकवता."

"कळतंय ना," ते शांतपणे म्हणाले.

"मग तेवढं तरी सांगा. आणि टाईप त्यांनी केलं होतं, मी नुसतं वाचत होते. हवं तर मी सगळ्यांसमोर—"

"मॅडम," त्यांनी मला थांबवलं. आवाज खाली आणला. "शनिवारी दुपारी कॉलेज सुटल्यावर तुम्ही दोघंच ऑफिसात बसला होता, हे सगळ्यांसमोर सांगणार? सांगा. माझी हरकत नाही. पण तुमचं लग्न व्हायचंय. मी वडिलांच्या जागी आहे म्हणून सांगतो."

मी आयुष्यात पुष्कळ वाईट शब्द ऐकले. त्या 'वडिलांच्या जागी'सारखा एकही नाही.

मी गप्प बसले. खुलासा मागणारं पत्र मला एकटीलाच आलं. उत्तरात मी लिनक्स म्हणजे काय, डिस्कचा नकाशा म्हणजे काय, जुनी फ्लॉपी का वापरायची नव्हती, हे सगळं साध्या मराठीत लिहिलं. ते कुणी वाचलं की नाही कळलं नाही. गुण पुन्हा भरायचे म्हणून सगळ्या शिक्षकांना उत्तरपत्रिका परत काढाव्या लागल्या आणि त्यांचा राग माझ्यावर निघाला. स्टाफरूममध्ये मी शिरले की कुणीतरी म्हणायचं, "फ्लॉपी झाका रे." सगळे हसायचे. आष्ट्याचे सर हसायचे नाहीत, पण हसू नका असंही म्हणायचे नाहीत. डबा ते आता ग्रंथालयात खायला लागले.

त्या हिवाळ्यात मला कराडचं एक स्थळ आलं होतं. मुलाकडच्यांनी चौकशी करायला माणूस थेट कॉलेजात पाठवला. त्याला काय सांगितलं गेलं असेल त्याची कल्पना मला पुढं आलेल्या निरोपावरून आली. 'मुलीवर कॉलेजात काहीतरी केस आहे म्हणतात,' असा निरोप होता. रविवारी घरी गेले तेव्हा वडील अंगणात हात धूत होते. डेपोतल्या ग्रीसचा काळा रंग नखांतून कधी जायचाच नाही.

"तू मशीनला कसला रोग लावलास म्हणं?" त्यांनी विचारलं.

"मी नाही लावला, दादा. तो रोगच नव्हता."

"मग त्येनी का म्हणत्यात?"

मी सांगायला लागले. एक मशीन, त्यात दोन सिस्टीम, एकीच्या राखणदारानं दुसरीला चोर समजून हाणलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "इंजिन कुनी उघडलं ते इचारत न्हाईत, शेवटी हात कुनाचा हुता तेवढं इचारत्यात. आमच्याकडं बी तसंच हाय." मला वाटलं ते पुढं काहीतरी बोलतील. ते उठून आत गेले. त्यांचा माझ्यावर विश्वास बसला होता का, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मला विचारायचं धाडस झालं नाही.

जूनमध्ये मला मुलाखतीचं पत्र आलं नाही. कायम जागा आष्ट्याच्या सरांना मिळाली. मी साताऱ्यात राजवाड्याजवळ एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला लागले. त्यांनी नुकतेच टाईपरायटर हलवून कॉम्प्युटर मांडले होते. मुलं पत्र लिहायला आणि तक्ता आखायला शिकायची. दुसऱ्या सिस्टीमचं नाव काढायची तिथं गरज नव्हती. लोक मला म्हणत, बरं झालं, घरच्या घरी काम मिळालं. जे झालं ते चांगल्यासाठीच, असं सांगणाऱ्या माणसांचा मला तेव्हापासून जो तिटकारा बसला तो अजून गेलेला नाही.

पुढच्या वर्षी पावसाळ्यात शेजारच्यांच्या फोनवर माझ्यासाठी सांगलीहून फोन आला. मी ओल्या पायांनी धावत गेले. आष्ट्याचे सर होते.

"मॅडम, कशा आहात?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता, "जरा अडचण होती. नवीन लॅब झाली. सगळ्या मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही टाकलंय. पण अँटीव्हायरस पुन्हा तीच लाल चौकट दाखवतोय. त्या वेळी तुम्ही काहीतरी म्हणाला होता, त्यावर उपाय असतो म्हणून."

नवीन लॅब. सगळ्या मशीनवर. मला वाटलं फोन ठेवून द्यावा. मग वाटलं, आधी त्यांच्याकडून कबूल करून घ्यावं की तो व्हायरस नव्हता. शेजारच्या काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

आणि मी सांगायला लागले. लिनक्सचा प्रोग्राम डिस्कच्या सुरुवातीला बसवू नका, लिनक्सच्या स्वतःच्या भागात बसवा. सुरुवातीची जागा विंडोजची राहू द्या, म्हणजे अँटीव्हायरसला काही दिसणार नाही. जुन्या फ्लॉप्या फेकून द्या, दोन भाग केल्यावर नवीन करा. ते मध्ये मध्ये "हां, हां" म्हणत होते, लिहून घेत असावेत. एका ठिकाणी ते चुकीचं समजले तर मी त्यांना दुरुस्त केलं. वर्गात करायचे तसं.

"थँक्यू, मॅडम," ते म्हणाले. थोडं थांबले. "त्या वेळी जरा..."

"हो," मी म्हटलं. त्यांना ते वाक्य पुरं करू द्यायची माझी इच्छा नव्हती. अर्धवट माफी ऐकून घेऊन वर मीच "असू द्या" म्हणायचं, हे मला जमलं नसतं. फोन ठेवला.

घरी आले तर वडील जेवत होते. "कुनाचा फोन?"

"कॉलेजातला."

त्यांचा हात ताटात थांबला. "परत बोलवत्यात व्हय?"

"नाही," मी म्हटलं. "एक विचारायचं होतं त्यांना."

"सांगितलंस?"

"सांगितलं."

ते आईला म्हणाले, "हिला वाढ आता," आणि खाली बघून जेवायला लागले.