गयाबाईचे हॅमस्टर अन् मी

मी हेमराज, भिलाईच्या कारखान्यात रोलिंग मिलमध्ये. नाईट शिफ्ट करून सकाळी घरी आलो की बायको, गयाबाई, दारातच ओठावर बोट ठेवते. "हळू जी, झोपले हायेत." कोन झोपले? हॅमस्टर, गुबगुबीत उंदरावानी जीव! रातभर खुडबुड करतात, दिवसा झोपतात. अन् मी का येगळं करतो बापा? सारा जलम मी डोळे मिटले की हिचा कुकर शिट्ट्या मारे. आता त्याईच्यापायी कुकर दिवस बुडल्यावर चढते. आग लागते आंगाची.

पोरगी दामिनी लगन होऊन गेली, मागं दोन पिंजरे ठेवून गेली. एकात नर, एकात मादी. गयाबाई भंडाऱ्याकडच्या खेड्यातली, एकटा जीव ठेवनं तिले पाप वाटे. "नवरा-बायको कावून येगळे?" म्हने. पिंजऱ्याले हळदीकुंकू लावलं अन् दोघं एकात टाकले. मादीनं नवऱ्याचा कान फाडला. मले वाटलं, चला, जगाची रीत इथंही हाय! पन गयाबाई रडली. दामिनीले फोन करून सारं शिकली. हे जनावर एकट्यानंच सुखी राहते म्हने, म्हनून दोघं पुन्हा येगळे केले.

तोवर व्हाचं ते होऊन गेलं होतं, मादी गाभन. मंग का इचारता! पांढरा कागद बारीक फाडून बिछाना. उकडलेलं अंडं तिले, वरन मले. पिल्लं व्हाच्या आधीच त्याईची घरं पाहून ठेवली, एका घरी एकच. कोनी जोडी मागितली तं सरळ नाई म्हने. नराले घ्याचं तं आधी हात धुते, खाली बसते, मंग अलगद ओंजळीत घेते. माहा हात असा कधी धरला, मले आठवत नाई.

काल पिल्लं झाली. मी शिफ्टवरून आलो तं कूलरचं तोंड भिताडाकडे. "सरळ हवा नको त्याईले." माहं टकुरं सटकलं. पिंजरा व्हरांड्यात ठेवाले उचलाले गेलो तं ओरडली, "हात नका लावू! घाबरली तं पिल्लं खाऊन टाकन!"

पिंजरा सोडला, पन तोंड सुटलं. "माह्यासाठी केलं का कधी एवढं? मी का जीव नोहो?"

ती रागावली नाई. माह्याकडे पाहून म्हने, "त्याईले बोलता येत नाई जी, म्हनून पाहा लागते. तुमाले तोंड होतं. ते रागावालेच उघडलं. एक दिस तरी म्हनाचं होतं, गया, थकलो."