नव्या भाजीचा पहिला घास

दिवेलागणीला कुकरची शिट्टी झाली की मीनाक्षीच्या डोळ्यांसमोर बाबांचं ताट येई. ती असे बैहरला, स्वतःच्या स्वयंपाकघरात, आणि ताट खाली बालाघाटात, वडिलांच्या घरी. थोडा भात, उकडलेला बटाटा, वर मीठ आणि तेलाची धार. सकाळी तेच, संध्याकाळी तेच. ती मुलीशी बोलत असायची, शाळेतले पेपर तपासत असायची, पण ते ताट समोरून हलायचं नाही. ओवी मधेच म्हणायची, "आई, तू ऐकून तरी राहिली का?" ती म्हणायची, "हौ, ऐकते ना," आणि पुन्हा तिथंच जाऊन पोचायची.

बाबांच्या सदऱ्याची कॉलर आता मानेपासून सुटून उभी राहते. उन्हाळ्यात ते न्हाणीघरात चक्कर येऊन बसले होते. डॉक्टरांनी रक्त तपासलं, कागद पाहिला आणि गोळ्या लिहून दिल्या. वर सांगितलं, की काकाजी, नुसत्या गोळ्यांनी काही होत नाही, बाजारात ज्या दिवसांत जे ताजं येतं ते खा, पालेभाजी खा, फळ खा. बाबांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली. घरी आले आणि बटाटे उकडायला ठेवले.

हे ज्यानं पाहिलं त्याला मीनाक्षीचे बाबा, नंदकिशोर, पूर्वी कसे होते ते खरं वाटू नये. सगळी नोकरी सरकारी कचेरीत गेली, पण कचेरीतल्या लोकांना ते फारसे आठवणार नाहीत. बाजारात मात्र आजही कोणालाही विचारावं. सकाळी आंघोळ झाली की कापडी पिशवी घेऊन निघायचे. ट्रकमधून उतरलेल्या मालाचे ढीग ओलांडून थेट शेवटी जायचे, जिथं नदीकाठच्या गावांतून आलेल्या बाया पोतं अंथरून बसतात. ट्रकमधल्या भाजीवर त्यांचा राग नव्हता. एवढंच म्हणायचे, की ती बिचारी प्रवास करून दमलेली असते. गोदाबाईची भाजी पहाटे तोडलेली, देठाला अजून चीक. तिच्यासमोर ते उकिडवे बसत आणि वाडीत काय फुललं, कशाला कीड लागली, पुढच्या आठवड्यात काय निघेल, याची चौकशी करूनच उठत.

त्यांची बायको नूतन अमरावतीकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिला इथलं काही ठाऊक नव्हतं. धान कापलेल्या बांध्यांत उगवणारी लाखोळीची भाजी तिनं गुरांचा चारा समजून बाजूला ठेवली होती, आणि सासूनं ती गोष्ट पुढं वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवली. तेव्हा नंदकिशोर तिला सोबत बाजारात नेऊ लागले. त्या काळी नव्या सुनेला घेऊन पिशवी हलवत बाजारात जाणं म्हणजे बोलण्याचा विषय. शेजारच्या एका बाईंनी टोमणा मारला, की तुमच्याकडं नवरा भाजी निवडतो अन् बायको पिशवी धरते वाटते. ते हसून म्हणाले, "तिले इथलं माहीत करून देऊन राह्यलो."

नूतनला इतकं माहीत झालं, की पुढं तीच त्यांना बोलू लागली. गोदाबाईशी तिनं भावावरून कधी घासाघीस केली नाही. तिची सगळी घासाघीस नवऱ्याशी. वांगी मी निवडीन, तुम्ही नुसती तारीफ करता, असं भर बाजारात म्हणायची. कॉलनीतल्या बायकांना तिनंच त्या शेवटच्या रांगेची सवय लावली. गिऱ्हाईक वाढलं तशी गोदाबाईनं वाडी वाढवली, आणि तिच्या मुलाला खाणीच्या मजुरीसाठी घर सोडून उकव्याला राहायला जावं लागलं नाही. गोदाबाई ही गोष्ट अजून सांगते, आणि प्रत्येक वेळी वयनींचं, म्हणजे नूतनचं, नाव घेऊन सांगते.

त्यांच्या घरात एक रीत होती. मोसमातली नवी भाजी, नवं फळ असंच कोणी तोंडात टाकायचं नाही. आधी देवापुढं, आणि मग ज्यानं आणलं त्यानं पहिला घास दुसऱ्याच्या हातावर ठेवायचा. आणणारे बहुधा बाबाच. आई चुलीपासून वळायची, तळहात पुढं करायची आणि विचारायची, "कोणता महिना लागला?"

"पौष," बाबा म्हणायचे, आणि लाखोळीच्या भाजीचा घास तिच्या हातावर ठेवायचे.

कार्तिकात सिंगाडा, पौषात लाखोळी, चैत्रात वैनगंगेच्या रेतीतली काकडी, अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आंबा, श्रावणात कोचईच्या म्हणजे अळूच्या पानांची वडी. सिंगाडा कार्तिकातलाच असं आई धरून चालायची, पण वर्ष चांगलं असलं तर भादव्यातच पहिला उतारा यायचा, आणि मग बाबा मुद्दाम हळू आवाजात "भादवा" म्हणायचे, जशी काही चोरी करून आणली. मीनाक्षी आणि तिचा भाऊ देवेंद्र ताटावर बसून आपली पाळी येण्याची वाट पाहायचे आणि एकमेकांना कोपर मारून म्हणायचे, "दोघं कॅलेंडर खाऊन राह्यले." मटार थंडीतच मिळायचा, म्हणून थंडीची वाट असायची. वाट पाहिलेली असल्यामुळं पहिल्या घासाला जी चव असायची, ती दुसऱ्या दिवशीच्या भाजीला नसायची. हे सगळ्यांच्याच घरी होतं असं मीनाक्षी लग्न होईपर्यंत समजत होती.

मागच्या भादव्यात आई गेली. ताप आला, दवाखाना झाला, आणि कोणाला नीट काही कळायच्या आत संपलंच.

अस्थी घेऊन तिघं प्रयागला गेले. घाटावर पंड्यानं सांगितलं, की आता दिवंगताच्या नावानं काहीतरी सोडा, एखादी भाजी, एखादं फळ. देवेंद्रनं झटकन ढेमसं सोडलं. ढेमसं त्यानं लहानपणापासून तोंडात घातलेलं नव्हतं. आई असती तर तिथंच हसली असती, आणि तिला हसता येणार नाही हे आठवून मीनाक्षीला घाटावर बसून रडू आलं. बाबांनी ओंजळीत पाणी घेतलं, डोळे मिटले आणि खूप वेळानं पाणी सोडलं. ओठ हलले नाहीत. काय सोडलं ते कोणी विचारलं नाही. असं विचारत नाहीत.

मग दोघा भावंडांत फोनवर अंदाज सुरू झाले. थंडी लागल्यावर बाबांनी लाखोळीला नाही म्हटलं, तेव्हा देवेंद्र हैदराबादहून म्हणाला, की मिळालं उत्तर, लाखोळी सोडली. चैत्रात त्यांनी काकडी बाजूला सारली. अखजीला पितरांच्या ताटात आंबा वाढला, आईचं पहिलं वर्ष म्हणून नीट सगळं मांडून वाढला, आणि स्वतः रसाच्या वाटीला हात लावला नाही. श्रावणात मीनाक्षीनं कोचईच्या वड्या करून नेल्या, त्या शेजारी दिल्या गेल्या. अंदाज करण्यातली गंमत केव्हाच संपली होती. देवेंद्र म्हणाला, "ताई, बाबांनी एक नाही, सगळंच सोडलेलं दिसते."

त्यानं आपल्या परीनं मार्ग काढला. बाबांना बाजारात जायचा त्रास नको म्हणून फोनवरूनच सामान लावून दिलं. ठरलेल्या दिवशी दारात खोकं यायचं. पावसाळ्यात फुलकोबी, उन्हाळ्यात मटार, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली सफरचंदं, सगळं एकसारखं चकचकीत. त्याच्या मायेत काही खोट नव्हती. बाबा ते नीट फ्रिजमध्ये लावून ठेवायचे आणि खराब झालं की कामवाल्या बाईला सांगून टाकून द्यायचे. एकदा मीनाक्षी चिडली. इतकं आहे घरात आणि तुम्ही रोज बटाटा काहून खाता, असं तिनं जरा मोठ्यानंच विचारलं.

बाबांनी बटाट्याचं साल काढता काढता उत्तर दिलं. "बटाटा बरा आहे, मीनू. तो कोणता महिना लागला म्हणून विचारत नाही."

ती त्यानंतर कधी चिडली नाही. घाबरली मात्र फार. बाबा आजारी नाहीत, रागावलेले नाहीत, कोणाशी भांडण नाही. ते फक्त वर्षाच्या फेऱ्यातून बाहेर येऊन बसले आहेत, आणि असं बाहेर बसून माणूस किती दिवस टिकतो हे तिला सदऱ्याच्या कॉलरवरून दिसत होतं.

परवा रविवारी ती बैहरहून बसनं घाट उतरून बालाघाटला आली आणि घरी जाण्याआधी बाजारात शिरली. शेवटच्या रांगेत गोदाबाई होती. तिच्यासमोर ओल्या पोत्यावर हिरवे-लालसर सिंगाडे. गावच्या तलावातला पहिलाच उतारा होता. मीनाक्षीला पाहून तिनं तराजू खाली ठेवला आणि शेजारी बसायला जागा केली. बाबूजी दिसतच नाहीत, तब्येत बरी आहे ना, असं तिनं विचारलं. मीनाक्षीनं हो म्हटलं, मग नाही म्हटलं.

गोदाबाई म्हणाली, "एक डाव आलते बाबूजी. पौष लागला तवा. तुमाले सांगतलं नाही त्यायनं?"

नव्हतं सांगितलं. गोदाबाईनं सांगितलं ते असं. ते येऊन समोर उभे राहिले, बसले नाहीत. तिनं न विचारता लाखोळीची कोवळी जुडी त्यांच्या पिशवीत टाकली. ते निघाले, पार कोपऱ्यापर्यंत गेले आणि तिथून परत आले. पिशवीतली जुडी काढून तिच्या पोत्यावर ठेवली, पुन्हा एकदा हात फिरवून नीट केली.

"म्हणते, गोदाबाई, हे घरी नेलं तर पहिला घास कोणाले देऊ?" गोदाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "आता याले मी काय बोलू, बाई? मी जुडी घेतली वापस. तवापासून नाही आले."

बाजाराचा गलका चालू होता. मीनाक्षी सिंगाड्यांकडे पाहत राहिली. गोदाबाईनं ओंजळभर तिच्या पिशवीत घालायला घेतले, तेव्हा तिनं हात धरला. आता नको म्हणाली. मग काय वाटलं कोण जाणे, म्हणाली की ठेवून द्या, न्यायला कोणी येईल. गोदाबाईनं सांगितलं, की पाण्यात घालून ठेवते, पण बुधवारपर्यंतच, मग ते काळे पडतात.

घरी बाबांनी दार उघडलं. तिच्यासाठी भात आधीच टाकला होता, दोन बटाटे जास्तीचे. स्वयंपाकघरात खिळ्याला ती कापडी पिशवी टांगलेली होती, धुतलेली, घडीच्या रेषा असलेली. कामवाल्या बाईनं मागं एकदा सांगितलं होतं, की बाबूजी पिशवी दर आठवड्याला धुतात, मी धुते म्हटलं तर देत नाहीत. मीनाक्षीला वाटलं होतं, म्हाताऱ्या माणसाचा चाळा. आता तिला त्या पिशवीकडे पाहवेना.

जेवताना तिनं विचारलंच. "बाबा, प्रयागला तुम्ही काय सोडलं?"

बाबांनी भात कालवला. "काहीच नाही," ते म्हणाले. "पंडा घाई करून राह्यला होता. मी म्हटलं कोणती सोडू? जी घ्यावी त्या भाजीत तुही आईच उभी. तिच्यातली कोणती सोडू? नाही सोडता आली. तसंच पाणी टाकलं अन् उठलो." मग गुन्हा कबूल करावा तसे म्हणाले, "देवेंद्रले नको सांगू."

तिनं त्यांच्या ताटातला बटाटा आपल्या ताटात घेतला आणि दोघांनी जेवण केलं. परतीच्या बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून रडली. शेजारची बाई हिंदीत विचारत होती की गाडी लागते का, आणि तिनं हो म्हणून टाकलं.

आज मंगळवार. दिवेलागण झाली, कुकरची शिट्टी झाली, आणि ताट समोर आलं. ओवी बाहेरून आली ती कुरकुरतच. गल्लीत सगळ्यांच्या घरी सिंगाडे येऊन गेले, आपल्याच घरी काहून नाही, आजी असती तर कधीचे आले असते. बोलून गेल्यावर तिची तीच चपापली.

मीनाक्षीनं गॅस बंद केला. वर्षभर सगळ्यांनी बाबांना एकच सांगितलं होतं, खा. डॉक्टरांनी सांगितलं, देवेंद्रनं खोक्यांतून सांगितलं, तिनं डबे नेऊन सांगितलं. आणा, असं कोणी म्हटलं नव्हतं. उलट त्यांना काही आणावं लागू नये अशी सोय सगळ्यांनी मिळून केली होती. नवस नव्हता, शपथ नव्हती. त्यांच्यापुढं फक्त हात पुढं करणारं कोणी नव्हतं.

ती ओवीला म्हणाली, "उद्या कॉलेजला जाऊ नको. मी शाळेत रजा टाकते. सकाळच्या बसनं आजोबांकडं जायचं. काही खाऊन निघायचं नाही."

आईचा चेहरा पाहून ओवी बाजूला बसली.

फोन हातात घेतल्यावर मीनाक्षीला पुन्हा भीती वाटली. बाबा नाही म्हणतील. कोपऱ्यापर्यंत जातील आणि परत फिरतील. बाजारात उन्हात उभे राहून चक्कर येईल. किंवा आईचं ते वाक्य लेकीच्या तोंडून ऐकून फोनवरच रडू लागतील, आणि इकडून तिला त्यांचे डोळेही पुसता येणार नाहीत. वर्ष झालं, ते कोणासमोर रडलेले नाहीत. तिनं ठरवलं, रडले तर रडू देऊ. ओवीनं अजून सिंगाडा खाल्ला नाही, गोदाबाईनं बुधवारपर्यंत पाण्यात ठेवले आहेत, आम्ही येतो तोवर आणून ठेवा, हे सगळं त्यानंतर सांगता येईल.

आधी एकच विचारायचं होतं. बाबा, कोणता महिना लागला?

तिनं डोळे पुसले आणि बालाघाटचा नंबर काढला.