हवेला वाट

उतारवयात प्रथमच लेखणी हाती घेत आहे. कोणाविषयी काही लिहावे असा माझा अधिकार नाही, आणि सरावही नाही. त्याबद्दल क्षमा असावी. परंतु इतक्या वर्षांत राग निवला नाही, म्हणून लिहितो.

भट्टीतून काढलेली टिकिया थंड झाली की त्या बाई तिच्यावर पाण्याचा एक थेंब सोडत आणि वाकून पाहत. थेंब आत मुरला की म्हणत, "पेली बाप्पा. आता हिले हवाबी पचन."

टिकिया म्हणजे काळ्या चूर्णाची दाबून भाजलेली, रुपयाएवढी चकती. ऐंशीच्या दशकात नागपुरातील एका प्रयोगशाळेत त्या बाई आणि मी संशोधक विद्यार्थी होतो. बाई माझ्याहून वयाने वडील. इंधन न जाळता त्यापासून वीज मिळवणाऱ्या घटासाठी, म्हणजे फ्युएल सेलसाठी, त्या या टिकियांचे कॅथोड घडवीत. कॅथोडमधून वीज वाहिली पाहिजे आणि हवाही आत शिरली पाहिजे, म्हणून तो सच्छिद्र हवा. मात्र छिद्रांपाशी विजेची वाट अडते आणि वाहकतेचा आकडा उतरतो.

आमच्या मार्गदर्शक सरांना आकडा चढलेलाच हवा होता. दिल्लीची परिषद जवळ आली होती.

"बाई, तुमचा आकडा फार पडका आहे."

"सर, घराले खिडक्या ठेवल्या तर भिंत कमीच राहीन ना?"

सरांपुढेही त्यांची बोली बदलत नसे. मी मान खाली घालून हसू दाबत असे.

भावाच्या लग्नासाठी बाई उमरेडला गेल्या. मागे सरांनी त्यांच्या टिकिया अधिक तापमानाला पुन्हा भाजवून घेतल्या. छिद्रे मिटली, आकडा चढला, आणि परिषदेत वाचायच्या निबंधात तो 'सच्छिद्र कॅथोड' या मथळ्याखाली जाऊन बसला. सहलेखिका म्हणून बाईंची सही तेवढी उरली होती.

परतल्यावर बाईंनी सरांच्या देखत थेंब सोडला. तो मण्यासारखा वरच राहिला.

"ह्या माह्या टिकिया नाहीत, सर."

"तुमच्याच आहेत. जरा खरपूस भाजल्या, एवढंच."

"मंग सच्छिद्र काहून लिहिलं?"

"फोडून कोण पाहणार आहे?"

"मी पाहिलं ना आत्ताच, बिना फोडता."

सर शांतपणे म्हणाले, "प्रबंध सादर करायचा आहे ना? मग सही करा."

हा मोजमापातला प्रमाद असता तर मी आजही गप्प बसलो असतो. जिच्यातून हवेचा कणही जाणार नाही अशा वस्तूला हवेशीर म्हणायचे, आणि ते म्हणवून घेण्यासाठी एका बाईची पदवी ओलीस ठेवायची, याला काय म्हणावे?

बाईंनी निबंधावर सही केली नाही. सरांनी त्यांच्या प्रबंधावर केली नाही. त्यांचे नाव गाळून निबंध दिल्लीत वाचला गेला आणि सरांची वाहवा झाली. विभागातील थोरांचे मत एवढेच पडले, की बाई हट्टी आहेत.

पुढे त्या नागपुरातच सदर भागातील एका मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवू लागल्या. एकदा शाळेच्या फाटकाशी भेटल्या. मला डॉक्टरेट मिळाल्याचे कळताच म्हणाल्या, "बरं झालं गा. मंग रिकाम्या हातानं काहून आला? पेढे कोण देईन?" तेवढ्यात घंटा झाली आणि त्या वर्गाकडे निघून गेल्या.

गेल्या हिवाळ्यात त्या वारल्या. शोकसभेत विभागातले एक जुने सहकारी हळहळून म्हणाले, "एक सही केली असती, तर बाई कुठल्या कुठे पोचल्या असत्या."

त्यांनी ती करायला हवी होती, असे तुम्हांलाही वाटते का?