संशय जोडीदारावर

पडद्यावर त्या ताऱ्याच्या जागी क्ष-किरणांचा पुसट डाग उमटला, तसे शेजारी बसलेले माझे सहकारी मोघे चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "हा नाही हो. ह्याच्याआड दुसरा कोणीतरी लपलाय."

संशय रीतीला धरूनच होता. अशा तापलेल्या, पण शांत ताऱ्यांच्या अंगी क्ष-किरण फेकण्याइतकी खळबळ नसते, असं आम्ही खगोलशास्त्रज्ञ धरून चालतो. म्हणून डाग दिसला की आधी शेजारचा अंधुक जोडीदार तारा शोधायचा. पण हा तारा विचित्र आहे. अंगावर सिलिकॉनचे चट्टे आणि चुंबकत्व जबरदस्त. असल्या शांत माणसाच्या पोटात काय असतं, कोणी सांगावं?

लग्नानंतर मी पहिल्यांदा "नोकरी सोडणार नाही" म्हणाले, तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं, "तुझे कान कोणी भरले?" सगळा संशय नवऱ्यावर गेला. तो बिचारा वर्तमानपत्र वाचत बसला होता. त्या माझ्यावर रागावल्यासुद्धा नाहीत. ते वाक्य माझं असेल, हेच त्यांना पटेना.

"जोडीदार दिसला का कुठे?" मी मोघ्यांना विचारलं.

"अजून नाही. पण असणारच."

मला त्या ताऱ्यापेक्षा त्या 'असणारच'चाच संशय येऊ लागला.