ताणलेली चेन

माझ्या वडिलांचं, अप्पांचं, हुमनाबादेत मोटरसायकली दुरुस्तीचं गॅरेज होतं. लकवा मारला तेव्हा त्यांचा उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. काठी टेकत चालायचे, समजायचं सगळं, पण तोंडातून 'हं, हं' एवढंच निघायचं. आठवड्यातून दोनदा मी त्यांना आमच्या हळ्ळीखेडहून हुमनाबादच्या दवाखान्यात व्यायामासाठी न्यायचो. मागे बसवायचं आणि आईच्या जुन्या लुगड्याने माझ्या कमरेशी बांधायचं.

त्या महिन्यात मी गाडीची चेन आणि ती ज्यांवर फिरते ती दोन्ही दातेरी चक्रं नवी बसवली. मेकॅनिकचा मुलगा असून मी कधी पाना धरला नव्हता, शाळेत कारकुनी केली. म्हणून हौसेने स्वतःच बसलो. गाडी डबल स्टँडवर लावून चेन चांगली ताणली. एकट्याने एक चक्कर मारली, झकास चालली.

दुसऱ्या दिवशी अप्पांना घेऊन निघालो. गाव मागे पडलं, वेग घेतला आणि गाडी थरथरायला लागली. माझ्या तळपायांना मुंग्या आल्या. अप्पा डाव्या हाताने माझ्या पाठीवर मारू लागले.

थांबलो. "काय झालं अप्पा? पाय दुखायलाय का?"

त्यांनी खाली बोट दाखवलं. मला वाटलं, पाय निसटला. तो नीट ठेवून निघालो, तर पुन्हा पाठीवर हात. तिसऱ्यांदा मी गाडी थांबवून ओरडलो, "गप बसा की जरा! तुमच्यापायी रोज शाळेला उशीर व्हायलाय, अन् वरून मारायलाव कामून?"

त्यांनी हात मांडीवर ठेवला. हुमनाबाद येईपर्यंत तो हलला नाही.

थरथर काही जाईना. इंजिनचे बोल्ट आवळले, टायरची हवा पाहिली. शेवटी अप्पांच्या हाताखाली शिकलेल्या एका मेकॅनिककडे गेलो. त्याने मला सीटवर बसवलं, आणखी एकाला मागे बसवलं आणि चेन बोटाने दाबली. ती तारेसारखी ताठ होती.

"मोकळ्या गाडीवर ताणलास व्हय? दोघं बसले की मागचं चाक वर दबतंय, चेन आणखी ताणती. गाडी थरथरणारच. अप्पांनी मला पहिल्या आठवड्यात शिकिवलं हे. त्यांना कामून इच्यारला न्हाईस?"

"त्यांना बोलता येत न्हाई."

"बोलायला कशाला पायजे? मागं बसल्याबरोबर कळलं असंल त्यांना."

मी त्याला चेन सैल करू दिली नाही. गाडी तशीच घरी आणली, अंगणात अप्पांच्या खुर्चीपुढे उभी केली आणि पाना घेऊन बसलो. "चुकलं अप्पा. तुमी चेनचं सांगायलता, मी उगं ओरडलो. किती ढिली करू?"

 त्यांनी वाकून चेन बोटाने दाबली, अंगठा आणि बोट यांच्यात थोडं अंतर धरून दाखवलं. मी नट फिरवत गेलो. मध्येच त्यांनी माझं मनगट धरलं. पुरे. त्यांचे डोळे भरले होते, पण माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

गाडी सुधारली. पुढच्या खेपेला मात्र मी लुगडं घेऊन आलो तेव्हा अप्पांनी मान हलवली आणि खुर्चीचा हात घट्ट धरला. आईने समजावलं, मी पाया पडलो. ते उठले नाहीत. मी रिक्षा ठरवली, तिच्यातून ते दोनदा आले. तिसऱ्या खेपेच्या दिवशी सकाळी चहा घेतानाच त्यांना दुसरा झटका आला आणि कलबुर्गीच्या दवाखान्यात नेताना वाटेतच ते गेले.

"त्यांनी राग धरला नव्हता रे," आई म्हणते. मला ते त्यांच्याकडून ऐकायचं होतं.