पाठीवरचे तीन डाग

मेंढपाळ नाथाच्या हाताला गुण आहे, असं नेकनूरच्या आसपास सगळे म्हणायचे. मेंढ्यांना अर्थातच कुणी विचारलं नव्हतं. मेंढरू लंगडलं, की नाथा विळा विस्तवात लाल करायचा आणि नेमक्या जागी डाग द्यायचा. पुढे पुढे दुखणी घेऊन माणसंही येऊ लागली आणि नाथाची मान ताठ होत गेली.

मागच्या साली त्याच्या बायकोचा, साखराबाईचा, डावा खांदा दुखायला लागला. बाहेर जायचं कारणच नव्हतं, वैद्य घरातच! तीस वर्षं ती कळपामागून चालत आली होती, नवी कोकरं झोळीत घालून, आणि झोळी कायम डाव्याच खांद्यावर. नाथाने मानेखाली डाग दिले. दुसऱ्या डागाला ती "बास करा" म्हणाली. तिसरा त्याने तिला दाबून धरून दिला. चार दिवसांनी विचारलं, तर म्हणाली, "गुण आला." नाथाने ते गावभर सांगितलं.

यंदा लेक योगिता माहेरी आली. आईचा हात वेणीपर्यंत जात नाही, हे तिला पहिल्याच सकाळी दिसलं. शेजारी राहून नाथाला वर्षभर दिसलं नव्हतं. योगिताने दोघांना बीडच्या गाडीत बसवलं आणि फिजिओथेरपीच्या दवाखान्यात धाडलं.

डॉक्टर स्वप्नाली यांनी सगळं विचारून घेतलं आणि साखराबाईला आरशासमोर उभं केलं. एक खांदा वर, एक खाली. "मावशी, एकाच बाजूला ओझं वाहून काही स्नायू आखडलेत, काही ढिले पडलेत. शॉकवेव्हच्या, म्हणजे ठोके देणाऱ्या मशीनने आखडलेले मोकळे व्हायला मदत होईल. पण व्यायाम रोज करायचा, आणि झोळी आता अशी न्यायची नाही."

मग पदर बाजूला झाला आणि डाग दिसले. "हे काय?"

"चुलीवर भाजलं," साखराबाई पटकन म्हणाली.

पाठीवर, एका ओळीत तीन, चुलीवर! डॉक्टरांनी नाथाकडे पाहिलं. नाथा भिंतीवरचा मणक्याचा तक्ता वाचू लागला, जशी काही उद्या परीक्षाच होती. आतून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही बाई अजून आपल्यालाच पाठीशी घालते आहे.

जेल लावून, डाग टाळून डॉक्टरांनी मशीन टेकवलं. टकटक सुरू झाली. साखराबाई घामाने भिजली, पण चकार शब्द नाही.

"मावशी, सोसू नका. दुखलं तर सांगा, लगेच थांबवते."

साखराबाईने मान वळवली. "सांगितलं तर थांबता?" टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती. डॉक्टरांनी मशीन बाजूला घेतलं.

नाथा उठला. "म्या डागलंय, म्याडम. ही बास म्हणत हुती. म्या थांबलो न्हाई." मग बायकोकडे वळून म्हणाला, "अन् गुण आला म्हणलीस कावून?"

"न्हाई म्हणले असते, तर तुमी आणखी डागलं असतं."

नाथा परत स्टुलावर बसला. वर्षभर मिरवलं ते हेच, असं त्याला वाटलं आणि स्वतःची किळस आली.

मशीन पुन्हा सुरू झालं. थोड्या वेळाने साखराबाई अगदी हळू म्हणाली, "थांबा बाई, लई दुखतंय."

टकटक तिथल्या तिथे बंद झाली. आणि मग साखराबाई रडायला लागली, हमसून हमसून. डाग बसले तेव्हाही ती अशी रडली नव्हती. नाथा उठून जवळ गेला, तर तिने नकळत खांदा आकसून घेतला.