चादरींच्या खोलीची किल्ली

श्रीमती इंदुमती गद्रे यांच्या षष्ट्यब्दीच्या गौरवग्रंथाचा मसुदा समितीने मला पाठवला. त्यात 'परिचारिकांना शांत बसवण्याचा उपक्रम तत्कालीन मेट्रनबाईंच्या प्रोत्साहनाने सुरू झाला' असे वाक्य आहे. ती मेट्रन मी. मी प्रोत्साहन दिले नाही, उपक्रम बंद केला. ते वाक्य छापले जाऊ नये, म्हणून लिहिणे भाग पडले.

सत्तरच्या दशकात इंदूताई लखनौच्या आमच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया वॉर्डच्या प्रमुख म्हणून रुजू झाल्या. पहिल्या दिवशी मी विचारले, "हिंदी येते?"

"रागावण्यापुरती येते, बाई."

त्या रागावल्याचे मात्र मी कधी ऐकले नाही. निशातगंजहून रिक्षाने येत, वेळेआधी पोहोचत आणि प्रत्येक रुग्णाला नावाने ओळखत.

त्यांच्या वॉर्डात एक रीत होती. रुग्ण दगावला की त्याच्याजवळची नर्स चादरींच्या खोलीत पाच मिनिटे स्टुलावर बसे. हात मांडीवर, लक्ष श्वासावर. रडू आले तर रडावे. तेवढा वेळ तिचे रुग्ण इंदूताई स्वतः पाहत.

एका दुपारी फेरीवर असताना मला तिथे सरोज नावाची नर्स डोळे मिटून बसलेली दिसली. "पूजा चल रही है?" मी विचारले.

"नहीं, मैट्रन जी. नौ नंबर वाले बाबा चले गए."

मी तिला उठवले, खोलीला कुलूप घातले आणि लेखी हुकूम काढला की कामाच्या वेळेत कोणी बसू नये.

इंदूताई म्हणाल्या, "बाई, ती थकलेली नाही, भरून आलेली आहे."

"पगार उभं राहण्याचा आहे," मी म्हणाले.

दोन महिन्यांत सरोजने नोकरी सोडली. जाताना म्हणाली, "काम से नहीं थकी, मैट्रन जी. रोने की जगह नहीं रही." रुग्णाला न दुखवता ड्रेसिंग बदलणारे तसे हात मला पुन्हा मिळाले नाहीत.

पुढे त्या वॉर्डातल्या मुली फार वेळ हात धुताना दिसू लागल्या. वार्षिक सभेत मी त्यांच्या स्वच्छतेची जाहीर वाखाणणी केली. मुलींनी माना खाली घातल्या. मला ते विनय वाटले.

काही वर्षांनी, आई गेल्याची तार आली तेव्हा मी ती घडी घालून फाईल पुढे ओढली. इंदूताईंनी मला बेसिनपाशी नेले, हातात साबण दिला, नळ सोडला. "सावकाश, बाई. पाण्याकडे बघा." त्या टॉवेल घेऊन शेजारी उभ्या राहिल्या. तेव्हा कुठे मला उलगडा झाला.

"म्हणजे माझा हुकूम मोडलात," मी म्हणाले.

"तुम्ही बसायला मनाई केली होती, धुवायला नाही." मग म्हणाल्या, "पण हे सुचायला मला उशीर झाला. सरोज गेली होती."

तो उशीर त्यांचा नव्हता. तेव्हा सांगायला हवे होते, ते आज सांगते.

इंदूताईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, आणि त्यातला थोडा वेळ तरी त्यांना स्वतःसाठी बसायला मिळो.

या लेखासोबत समितीकडे सुपूर्द: माझ्या सहीचा हुकूम, मूळ प्रत, एक. चादरींच्या खोलीची किल्ली, एक; ती निवृत्तीच्या वेळी परत करायची राहिली होती, इंदूताईंच्या हाती द्यावी. सरोजचा पत्ता शोधूनही मिळाला नाही. सबब तो देता आला नाही.